नागपूरच्या गच्चीवरून चिकटलेल्या जोडताऱ्यांचं तेज कसं मोजायचं

सप्तर्षीच्या चौकोनाच्या पश्चिमेला थीटा आणि उप्सिलॉन हे दोन तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यांच्या जवळजवळ मधोमध डब्ल्यू अर्सा मेजॉरिस हा तारा आहे. तो बघायला बायनॉक्युलर लागतो, कारण तेज सर्वांत जास्त असतानाही त्याची प्रत ७.७५ च्या आसपास असते. (प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद झाला, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.) दोन तासांत हा तारा उतरत उतरत ८.४८ प्रतीपर्यंत येतो, म्हणजे त्याचा प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. पुढच्या दोन तासांत तो पुन्हा वर चढतो आणि लगेच दुसऱ्यांदा उतरायला लागतो. हे कधीच थांबत नाही. जर्मनीतल्या पोट्सडॅमच्या वेधशाळेत गुस्टाव्ह म्युलर आणि पॉल केम्प्फ यांनी १९०३ मध्ये हा चढउतार टिपला, आणि अशा ताऱ्यांच्या सगळ्या वर्गाला पुढे याच ताऱ्याचं नाव मिळालं.

तिथे प्रत्यक्षात दोन तारे आहेत. एकाचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १.१ पट, दुसऱ्याचं त्याच्या निम्म्याच्या आसपास. ते एकमेकांभोवती ८ तास २६ सेकंदांत एक फेरी पूर्ण करतात. केप्लरच्या नियमात हे आकडे घातले की दोघांच्या केंद्रांमधलं अंतर निघतं सुमारे १७ लाख किलोमीटर. आपल्या सूर्याचा व्यासच १४ लाख किलोमीटर आहे. इतक्या कमी जागेत दोन तारे गोल राहूच शकत नाहीत. ते एकमेकांच्या दिशेने ओढले जातात, मध्ये चिकटतात आणि एका सामाईक आवरणात शिरतात. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग, त्यातला एक दाणा जरा लहान, असा तो आकार होतो. ही शेंग सतत फिरत असते आणि दोन्ही ताऱ्यांचा एकमेकांच्या तुलनेत वेग सेकंदाला ३६० किलोमीटरच्या वर असतो.

प्रत्येक ताऱ्याभोवती त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा एक हद्दीचा पृष्ठभाग असतो. एदुआर रोश या फ्रेंच गणितज्ञाच्या नावावरून त्याला रोश पाळी म्हणतात. या हद्दीच्या आतला वायू त्या ताऱ्याचा, बाहेरचा कोणाचाही. साध्या जोडीत दोन्ही तारे आपापल्या हद्दीत असतात. आपल्या जोडीत मात्र दोघांनीही हद्द भरून टाकलेली असते आणि वायू मधल्या मानेतून इकडून तिकडे जातो. १९६८ मध्ये लिऑन लूसी यांनी मांडलं की या सामाईक आवरणातून उष्णताही वाटली जाते. म्हणूनच वस्तुमानं निराळी असूनही दोन्ही ताऱ्यांच्या पृष्ठभागाचं तापमान जवळजवळ सारखं असतं. निम्म्या वस्तुमानाचा एकटा तारा सूर्यापेक्षा कितीतरी थंड आणि तांबूस दिसला असता. इथे तो थोरल्याच्या उष्णतेवर तापलेला असतो.

वेळेनुसार तेज मांडलेल्या आलेखात हे सगळं थेट दिसतं. अल्गॉल हा जुना प्रसिद्ध पिधानकारी तारा (एक तारा दुसऱ्याला झाकतो अशी जोडी) घ्या. जॉन गुडरिक यांनी १७८३ मध्ये त्याचा २.८७ दिवसांचा आवर्तकाल सांगितला. अल्गॉल बहुतेक वेळ स्थिर असतो, मग एक खोल खड्डा येतो, आणि दुसरा खड्डा इतका उथळ की डोळ्यांना कळतही नाही. चिकटलेल्या जोडीत असं होत नाही. तिथे स्थिर भाग नसतोच. ग्रहण नसतानाही शेंग कधी आडवी दिसते, कधी टोकाकडून, त्यामुळे आपल्याकडे येणारा प्रकाश सतत बदलतो. आणि तापमान सारखं असल्यामुळे दोन्ही खड्डे जवळजवळ सारख्याच खोलीचे असतात. डब्ल्यू अर्सा मेजॉरिसमध्ये हा फरक जेमतेम ०.०५ प्रतीचा आहे. तुमच्या आलेखात माथा सपाट आला, तर आधी कॅमेऱ्यावर संशय घ्या. ते कसं, हे पुढे येईलच.

नागपूरची फेब्रुवारीची रात्र

नागपूरचा अक्षांश २१.१५ अंश आणि या ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) जवळपास ५६ अंश उत्तर. तारा मध्यावर, म्हणजे आकाशातल्या उत्तर-दक्षिण रेषेवर, येतो तेव्हा उत्तरेकडे ५५ अंश उंचीवर असतो, आणि ३० अंशांच्या वर तो जवळजवळ ९ तास राहतो. फेब्रुवारीच्या मध्यात तो रात्री साडेबाराच्या सुमारास मध्यावर येतो. म्हणजे रात्री आठला ३० अंशांवर चढतो आणि पहाटे पाचला तेवढ्याच उंचीवर उतरतो. संधिप्रकाश तोवर संपलेला असतो आणि पहाटेचा अजून सुरू व्हायचा असतो. ८ तासांची पूर्ण फेरी एका रात्रीत बसते. उन्हाळ्यातल्या लहान रात्री यासाठी पुरत नाहीत, आणि पावसाळ्याचा प्रश्नच येत नाही.

इथे एक अडचण आहे, ती आधीच समजून घेतलेली बरी. ८ तास २६ सेकंदांच्या तीन फेऱ्या म्हणजे २४ तास १ मिनिट १८ सेकंद. त्यामुळे आज रात्री दहाला जो खड्डा दिसला, तोच उद्या रात्री दहा वाजून एक मिनिटाने दिसेल. रोज संध्याकाळी दोन तास बसून आठवडाभरात आलेख पूर्ण करू, असा बेत केला तर आठवडाभर आलेखाचा तोच तुकडा हाती येईल. या ताऱ्यासाठी अख्खी रात्र जागावं लागतं. त्याला पर्याय नाही.

शहरातून हे जमतं का? जमतं. आठव्या प्रतीच्या ताऱ्यासाठी शहराचा उजेड ही मोठी अडचण नाही, कारण पार्श्वभूमीचा उजेड मोजून वजा करता येतो. खरी अडचण असमान धुरकटपणाची आहे. हा तारा उत्तरेकडचा, आणि शहराच्या उत्तरेलाच कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रं आहेत. शहराच्या दक्षिण भागातल्या गच्चीवरून बघताना नजर अख्ख्या शहरावरून आणि त्या धुरावरून जाते. शक्य असेल तर शहर पाठीशी येईल अशी जागा घ्या. रामटेककडे गेलं की नागपूरचा उजेड नैर्ऋत्येला राहतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. पण जंगलात रात्रीच्या प्रवेशाचे नियम असतात, आणि या मोजणीसाठी तेवढा काळोख लागतही नाही. गच्चीवर लाइट आहे, टेबल आहे, घर खाली आहे. आठ तासांच्या कामात या गोष्टींना काळोखापेक्षा जास्त किंमत आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. फेब्रुवारीत लग्नसराई असते. जवळच्या मंगल कार्यालयाचे फिरते दिवे आकाशात जाणार असतील तर ती तारीख टाळावी.

साहित्य आणि एक्स्पोजर

६ किंवा ८ इंची दुर्बीण, तारा धरून ठेवणारं मोटरचं माउंट, थंड करता येणारा मोनो (कृष्णधवल) कॅमेरा आणि जॉन्सन व्ही फिल्टर (फक्त हिरवट-पिवळा प्रकाश आत सोडणारा ठरावीक फिल्टर) हा चांगला संच झाला. पण तो नसला तरी अडत नाही. ट्रॅकिंग माउंटवर डीएसएलआर आणि २०० मिलिमीटरची लेन्स लावूनही हा तारा नीट मोजता येतो. तेव्हा रॉ फाइलच घ्यायची, जेपीजी अजिबात नाही. जेपीजी बनवताना कॅमेरा उजळ आणि मंद भागांचं प्रमाण बदलून टाकतो, आणि आपण तर प्रमाणच मोजत असतो. रॉमधला फक्त हिरवा चॅनल वापरायचा. तो व्ही फिल्टरच्या सर्वांत जवळ जातो. फोकस मुद्दाम किंचित ढिला ठेवा, म्हणजे ताऱ्याचा ठिपका आठ-दहा पिक्सेलवर पसरेल. अगदी तीक्ष्ण ठिपका हिरव्या पिक्सेलवरून लाल-निळ्या पिक्सेलवर सरकत राहतो आणि त्यातून तेजाचे खोटे चढउतार तयार होतात.

माउंट उत्तरेला लावताना लक्षात ठेवा की नागपुरात ध्रुवतारा फक्त २१ अंश वर आहे. शेजारची पाण्याची टाकी किंवा एखादी उंच इमारत त्याला सहज झाकते. गच्चीवर जागा दिवसाच ठरवा.

एक्स्पोजर किती? दोन बाजू सांभाळाव्या लागतात. ताऱ्यातून १०,००० इलेक्ट्रॉन गोळा झाले तर नुसत्या मोजणीतली अनिश्चितता त्याचं वर्गमूळ, म्हणजे १०० असते. हा झाला १ टक्का, प्रतीच्या हिशोबात ०.०११. अर्ध्या टक्क्यावर यायचं तर ४०,००० लागतात. दुसऱ्या बाजूने, ठिपक्यातला सर्वांत उजळ पिक्सेल भरून वाहता कामा नये. १६ बिटच्या कॅमेऱ्यात कमाल आकडा ६५,५३५ असतो, तेव्हा शिखर २०,००० ते ४०,००० च्या दरम्यान ठेवा. १४ बिटच्या डीएसएलआरमध्ये कमाल १६,३८३ असतो, तिथे १०,००० च्या पुढे जाऊ नका. हे तपासायचं ते तारा सर्वांत तेजस्वी असताना. खड्ड्यात असताना एक्स्पोजर ठरवलं आणि दोन तासांनी तेज दुप्पट झालं, की पिक्सेल भरतात. वाढलेला प्रकाश मोजला जात नाही आणि आलेखाचा माथा सपाट कापला जातो. सपाट माथ्याचं हेच ते कारण, आणि रात्र संपल्यावर ते दुरुस्त करता येत नाही.

आवर्तकालाच्या एक टक्क्याहून जास्त लांब एक्स्पोजर घेऊ नये, नाहीतर खड्ड्याचा तळ पसरट होतो. इथे एक टक्का म्हणजे पावणेपाच मिनिटं, त्यामुळे २० ते ६० सेकंद अगदी निर्धोक आहेत. दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो या हिशोबाने ८ तासांत ९६० फोटो होतात. २६ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक फाइल ५२ एमबीची, म्हणजे रात्रीचे ५० जीबी. लॅपटॉपवर तेवढी जागा आहे का, ते संध्याकाळीच बघून ठेवा. २ बाय २ बिनिंग केलं, म्हणजे चार पिक्सेल मिळून एक धरला, तर हेच साडेबारा जीबीत भागतं आणि या कामात त्याने काही बिघडत नाही.

डार्क (झाकण लावून घेतलेले), बायस (झाकण लावून कमीत कमी एक्स्पोजरचे) आणि फ्लॅट (एकसारख्या उजळ आकाशाचे) यांचे प्रत्येकी २० तरी फोटो हवेत. कॅमेऱ्याचे आणि काचेचे दोष त्यांनी वजा होतात. डार्क त्याच तापमानाचे आणि त्याच एक्स्पोजरचे असावेत. थंड करणारा कॅमेरा भोवतालच्या हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली जाऊ शकतो. थंडीत उणे १० सहज मिळतं. मे महिन्यात नागपुरात मध्यरात्रीही ३० च्या वर पारा असतो, तेव्हा शून्यावरच थांबा. कूलरला पूर्ण जोरावर ठेवलं की तापमान वरखाली होतं आणि डार्क जुळत नाहीत. फ्लॅट संधिप्रकाशात घ्यायचे, अर्ध्या क्षमतेपर्यंत भरलेले. फ्लॅट घेतल्यानंतर सकाळपर्यंत कॅमेरा दुर्बिणीवरून काढायचा किंवा फिरवायचा नाही. फिल्टरवरच्या धुळीच्या कणाची गोल सावली त्याच जागी राहिली तरच फ्लॅटने ती पुसली जाते.

शेजाऱ्याशी तुलना

ताऱ्याचं तेज आपण एकट्याचं मोजत नाही. त्याच फोटोत असलेल्या, न बदलणाऱ्या एका ताऱ्याशी त्याची तुलना करतो. हवा धुरकट झाली, तारा खाली उतरला, काचेवर थोडं दव आलं, तरी दोघांचाही प्रकाश सारख्याच प्रमाणात कमी होतो आणि गुणोत्तर तेवढंच राहतं. गच्चीवरून हे काम शक्य होतं ते केवळ यामुळे.

समजा, पार्श्वभूमी वजा करून आपल्या ताऱ्याची मोजणी ८४,००० आली आणि तुलनेच्या ताऱ्याची १,२०,०००. गुणोत्तर ०.७. त्याच्या लॉगॅरिदमला उणे २.५ ने गुणलं की ०.३८७ येतं. तुलनेच्या ताऱ्याची प्रत ८.१० असेल तर आपला तारा ८.४९ प्रतीचा. गणित एवढंच आहे. बाकी सगळी मेहनत ही त्या दोन मोजण्या प्रामाणिक याव्यात यासाठी.

तुलनेचा तारा निवडताना तेजापेक्षा रंगाकडे जास्त लक्ष द्या. हवा निळा प्रकाश जास्त खाते. आपला तारा पिवळसर आणि तुलनेचा निळा असेल, तर आकाशात खाली उतरताना निळ्याचा प्रकाश अधिक घटतो आणि आपला तारा हळूहळू तेजस्वी होत चालल्याचा भास होतो. ३० अंश उंचीवर प्रकाश डोक्यावरच्या दुप्पट जाडीच्या हवेतून येतो, त्यामुळे रात्रीच्या दोन्ही टोकांना ही चूक डोकं वर काढते. बी उणे व्ही (निळ्या आणि व्ही फिल्टरमधल्या प्रतींचा फरक) या रंगमानात ०.३ पेक्षा जास्त फरक नको. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही १९११ पासूनची संस्था रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांसाठी तुलनेच्या ताऱ्यांचे नकाशे फुकट देते. त्यात प्रत आणि रंगमान दोन्ही छापलेलं असतं.

आणखी एक ताराही मोजायचा, तो पडताळणीचा. तुलनेच्या आणि पडताळणीच्या ताऱ्यांमधला फरक रात्रभर सरळ रेषेत राहिला पाहिजे. ती रेषा किती थरथरते, हीच तुमच्या रात्रीची खरी अचूकता. सॉफ्टवेअर दाखवतं ती अनिश्चितता नेहमी याहून गोड असते. तिच्यावर विसंबू नका.

अ‍ॅस्ट्रोइमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर ९६० फोटो एका दमात मोजतं. मोजणीच्या वर्तुळाची त्रिज्या ठिपक्याच्या रुंदीच्या दीडपट ते दुप्पट ठेवा. वर्तुळ लहान असेल तर फोकस हलला की प्रकाश बाहेर सांडतो, फार मोठं असेल तर आकाशाचा उजेड आत येतो.

रात्री काय बिघडतं

माउंट जर्मन पद्धतीचं असेल तर तारा मध्यरेषा ओलांडताना दुर्बीण पलटी मारते. फेब्रुवारीत ही वेळ येते साडेबाराला, म्हणजे कामाच्या बरोबर मध्यात. चित्र उलटं होतं आणि तारे कॅमेऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जातात. फ्लॅट चांगले नसतील तर आलेखात तिथे ०.०१ ते ०.०३ प्रतीची पायरी दिसते. त्यावर उपाय म्हणजे आपला आणि तुलनेचा तारा फोटोच्या मध्याच्या जवळ ठेवणं. तसं केलं की पायरी जवळजवळ नाहीशी होते.

पातळ ढग दिसत नाहीत, पण तुलनेच्या ताऱ्याची नुसती मोजणी आलेखावर घेतली की ते लगेच कळतात. ती अचानक २०-२५ टक्के खाली आली तर ते फोटो काढून टाका. गुणोत्तर वाचवेल असं वाटतं, पण ढग फोटोभर सारखा नसतो. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे दव पडतं. लेन्सभोवती गरम पट्टी लावा आणि ती सुरुवातीपासून चालू ठेवा, काच धुरकटल्यावर नाही. लाइट गेली तर पंधरा मिनिटं तग धरेल असा यूपीएस माउंट, कॅमेरा आणि लॅपटॉपला हवाच. माउंट एकदा बंद पडलं की पुन्हा तोच तारा त्याच पिक्सेलवर आणण्यात अर्धा तास जातो, आणि हा तारा अर्ध्या तासात बराच उतरतो.

वेळ, सर्वांत जास्त काळजीने

तेजात १ टक्क्याची चूक झाली तर तो एक ठिपका बिघडतो. वेळेत चूक झाली तर अख्खी रात्र खोटी ठरते. म्हणून लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी जुळवा, आणि रात्रीतून दोन-तीनदा. फाइलवर नोंदलेली वेळ एक्स्पोजर सुरू झाल्याची आहे की संपल्याची, हे तपासा. आपल्याला मधली वेळ हवी असते.

भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ मिळते. ती जुलियन दिनांकात, म्हणजे खगोलशास्त्रातल्या दिवसांच्या सलग मोजणीत, बदलायची. जुलियन दिनांक जागतिक वेळेच्या दुपारी बाराला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो. आपल्यासाठी ही मोठीच सोय आहे, कारण संध्याकाळपासून सकाळपर्यंतची रात्र एकाच दिनांकात राहते. मग पृथ्वीच्या स्थानाची दुरुस्ती. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कधी ताऱ्याच्या जवळ असते, कधी लांब, त्यामुळे प्रकाश लवकर किंवा उशिरा पोचतो. क्रांतिवृत्तावरच्या (सूर्याच्या आकाशातल्या वाटेवरच्या) ताऱ्यासाठी हा फरक दोन्ही बाजूंना ८.३ मिनिटांपर्यंत जातो, डब्ल्यू अर्सा मेजॉरिससाठी साडेसहाच्या आत राहतो. सॉफ्टवेअर ही दुरुस्ती स्वतः करतं, फक्त ताऱ्याचे निर्देशांक बरोबर भरले आहेत ना ते बघा.

बारा तासांच्या एका चुकीचं उदाहरण सगळ्यांनी माहीत करून घ्यावं असं आहे. हंस तारकासमूहातला केआयसी ९८३२२२७ हा असाच चिकटलेला जोडतारा, साधारण ११ तासांच्या आवर्तकालाचा. त्याचा आवर्तकाल झपाट्याने घटत असल्याचं दिसलं आणि २०१७ मध्ये भाकीत झालं, की २०२२ च्या सुमारास दोन्ही तारे एकमेकांत विलीन होऊन मोठा स्फोट दिसेल. जगभर बातम्या झाल्या. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने जुनी निरीक्षणं पुन्हा तपासली, तेव्हा एका जुन्या शोधनिबंधात ग्रहणाची वेळ बरोबर १२ तासांनी चुकीची छापली गेली होती असं आढळलं. ती दुरुस्त केल्यावर भाकिताचा आधारच गेला. पहिल्या गटानेही ते मान्य केलं.

खड्ड्याची वेळ आणि वर्षांचा हिशोब

एका रात्रीच्या मोजणीतली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे खड्ड्याच्या तळाची नेमकी वेळ. ती डोळ्यांनी आलेख बघून ठरवू नका. १९५६ पासून वापरात असलेली क्वी आणि व्हॅन वुर्डेन यांची पद्धत सोपी आहे. अंदाजे एक वेळ धरायची, आलेख त्या वेळेवर दुमडायचा आणि उतरती बाजू चढत्या बाजूवर किती नीट बसते ते बघायचं. जिथे सर्वांत नीट बसते ती तळाची वेळ. त्यासाठी तळाच्या दोन्ही बाजूंना किमान पाऊण तासाचे ठिपके हवेत. एका बाजूचे ढगात गेले असतील तर ती वेळ जाहीर करू नका. चांगल्या रात्री अर्ध्या मिनिटाची अचूकता गच्चीवरूनही मिळते.

आता ही वेळ अपेक्षित वेळेशी ताडून बघायची. डब्ल्यू अर्सा मेजॉरिस वर्षाला सुमारे १,०९५ फेऱ्या करतो. आवर्तकालात एका सेकंदाची चूक असेल तर वर्षभरात ती १८ मिनिटं होते. म्हणूनच ०.३३३६३ दिवस हा पाच अंकी आकडा या कामाला पुरत नाही. त्यातली अर्ध्या सेकंदाहून कमी असलेली गोळाबेरीजही वर्षात आठ मिनिटांपर्यंत जाऊ शकते. आंतरराष्ट्रीय यादीतून सर्व दशांशांसह ताजा आवर्तकाल आणि आरंभीची वेळ घ्या. फेज, म्हणजे फेरीचा किती भाग झाला आहे तो आकडा, काढायचा तर तुमच्या वेळेतून आरंभीची वेळ वजा करा, आवर्तकालाने भागा आणि अपूर्णांक ठेवा. समजा आरंभ २४६१०८५.२५०० आणि निरीक्षण २४६१०९७.३७१०. फरक १२.१२१०, भागाकार ३६.३३, म्हणून फेज ०.३३. हा आकडा उदाहरणापुरता आहे. त्यात सोयीसाठी पाच अंकीच आवर्तकाल घेतला आहे.

निरीक्षणाची वेळ उणे अपेक्षित वेळ, हा फरक वर्षानुवर्षं आलेखावर मांडत गेलं की त्या जोडीत काय चाललं आहे ते उमगतं. तिरकी सरळ रेषा आली तर तुमचा आवर्तकाल चुकीचा होता, तारा बिचारा ठीक आहे. पॅराबोला, म्हणजे एकाच बाजूला वाकत जाणारी रेषा, आला तर आवर्तकाल खरोखर बदलतो आहे. एका ताऱ्यातून दुसऱ्यात वायू जातो आहे, किंवा चुंबकीय वाऱ्याबरोबर जोडीची फिरकी निघून जाते आहे. वरखाली जाणारी लाट आली तर जवळपास तिसरा तारा असू शकतो. त्याच्याभोवती फिरताना ही जोडी कधी जवळ येते, कधी लांब जाते. आवर्तकाल वर्षाला सेकंदाच्या शंभराव्या भागाने बदलत असेल, तर एका रात्रीत तो कोणत्याही दुर्बिणीतून दिसणार नाही. पण दहा वर्षांत साठत साठत खड्ड्याची वेळ नऊ मिनिटांनी सरकते. नऊ मिनिटं गच्चीवरून मोजता येतात. उपग्रह एका ताऱ्याकडे फार अचूक बघतात, पण सलग काही आठवडे, फार तर काही वर्षं. वीस-तीस वर्षांची साखळी मोठ्या प्रमाणात हौशी निरीक्षकांनीच धरून ठेवली आहे.

आलेखातून काय काढता येतं, काय नाही

एका फिल्टरमधला प्रकाश तुम्हाला वस्तुमान किलोग्रॅममध्ये सांगत नाही. त्यासाठी वर्णपटातून वेग मोजावा लागतो. प्रकाश सांगतो ती प्रमाणं: कक्षेचा कल, त्रिज्यांचं गुणोत्तर, तापमानांचं गुणोत्तर आणि हद्द किती भरून वाहते आहे ते. १९७१ मधली विल्सन आणि डेव्हिनी यांची पद्धत आजही पाया आहे. फीबी हे मोफत सॉफ्टवेअर त्याच वाटेने जातं. धोका असा, की त्यात बटण दाबलं की उत्तर नेहमी येतं. पण ग्रहण अर्धवट असेल तर वस्तुमानाचं गुणोत्तर बरंच वेगळं धरूनही जवळजवळ तोच आलेख तयार होतो. खड्ड्याचा तळ सपाट असेल, म्हणजे एक तारा दुसऱ्यामागे पूर्ण झाकला जात असेल किंवा त्याच्यावरून पूर्णपणे सरकत असेल, तरच निव्वळ प्रकाशावरून काढलेल्या गुणोत्तरावर विश्वास ठेवा. सप्तर्षीतलाच एडब्ल्यू अर्सा मेजॉरिस तसा आहे. त्यात एका ताऱ्याचं वस्तुमान दुसऱ्याच्या साधारण दहाव्या भागाइतकंच आहे.

खोल खड्ड्यात कोणता तारा झाकला जातो, यावरून या जोड्यांचे दोन प्रकार पडतात. ए प्रकारात थोरला तारा जास्त तापलेला असतो. डब्ल्यू प्रकारात धाकटाच किंचित जास्त तापलेला असतो, आणि डब्ल्यू अर्सा मेजॉरिस स्वतः त्यातलाच. धाकटा का तापतो, यावर थोरल्यावरचे मोठे काळे डाग हे एक स्पष्टीकरण दिलं जातं. डागांचा पुरावा आलेखातच मिळतो. दोन माथे सारखे उंच असायला हवेत, पण बरेचदा एक ०.०२ ते ०.०५ प्रतीने बुटका असतो. याला ओकॉनेल परिणाम म्हणतात. तो दिसला तर आधी पडताळणीच्या ताऱ्याची रेषा आणि साडेबाराची ती पायरी तपासा, मगच डाग म्हणा.

विलीन होणाऱ्या जोडीचं खरं उदाहरणही आपल्यापाशी आहे. वृश्चिकेतला व्ही१३०९ स्कॉर्पिआय सप्टेंबर २००८ मध्ये एकाएकी भडकला. पोलंडच्या ओगल प्रकल्पाने त्या भागाचे आधीच्या सहा-सात वर्षांचे फोटो नेमाने काढून ठेवले होते. रोमुआल्ड तिलेन्दा आणि सहकाऱ्यांनी ते २०११ मध्ये तपासले, तेव्हा भडकण्याआधी तो सुमारे १.४ दिवसांचा चिकटलेला जोडतारा होता आणि त्याचा आवर्तकाल वाढत्या वेगाने घटत गेला होता, असं दिसलं. ते फोटो काढणाऱ्यांना या ताऱ्याचं पुढे काय होणार याची कल्पनाही नव्हती. त्यांनी वेळ आणि तेज नीट नोंदवलं होतं.

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये सरठ तारकासमूहातला एसडब्ल्यू लॅसर्टी घ्या. प्रत ८.५ ते ९.४, आणि मध्यावर येताना ७३ अंश उंच, त्यामुळे कोराडीचा धूर वाटेत येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो रात्री साडेआठच्या सुमारास सर्वांत वर असतो. त्याचा आवर्तकाल ७ तास ४२ मिनिटं. तीन फेऱ्या २३ तास साडेपाच मिनिटांत संपतात, म्हणून त्याचा आलेख रोज सुमारे ५५ मिनिटं आधी सरकतो. आज सव्वाचार तास मोजा, चार दिवसांनी त्याच वेळेला पुन्हा सव्वाचार तास मोजा, की पूर्ण फेरी हाती येते आणि रात्रभर जागावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी ज्यांना ऑफिस किंवा कॉलेज आहे, त्यांनी सुरुवात या ताऱ्यापासून केलेली बरी. त्याच्यावरचे डाग वर्षागणिक बदलतात, म्हणून यंदाचा आलेख झाला तरी पुढच्या ऑक्टोबरमध्ये तोच तारा, तोच तुलनेचा तारा आणि तोच फिल्टर ठेवून पुन्हा मोजा.